थांबलेला नवा भात

सपना दुमाडाच्या नाकाची वडपाड्यात एकेकाळी चांगलीच ख्याती होती. मनोर सोडून आत गेलं, डांबर संपलं, की टेकडीच्या पायथ्याला हा वारल्यांचा पाडा लागतो. तिथं सांजेला चुली पेटल्या की ही पोर अंगणात उभी राहून सांगायची, आज कुणाकडे काय शिजतंय. नुसता भात शिजतोय एवढंच नाही, तर कोणता भात, तेही. कुडईचा वास वेगळा, कसबाईचा वेगळा. रेशनच्या तांदळाला तर ती वासच नाही म्हणायची. तिचा बाप जिवल्या कधी कधी तिचे डोळे फडक्यानं बांधायचा, नाकाखाली भाताची मूठ धरायचा आणि विचारायचा, "सांग बाय, कोणता?" ती एकदाही चुकली नाही. बरं, नाक तिखट तशी जीभही सैल. दिवसभर बडबड. पारू, तिची आई, वैतागून म्हणायची, "हिच्या तोंडाला कुणी तरी बूच बसवा."

बूच बसलं, पण ते पालघरच्या कॉलेजात. आणि बसवलं कुणी म्हणाल, तर तसं कुणीच नाही. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी काहीतरी विचारलं, ही उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं पुस्तक नाय हाय." मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणाऱ्याला ते दुपारपर्यंत आठवलंही नसेल. माणसं हसतात आणि वडा खायला निघून जातात. पण सपना खाली बसली ती बसलीच. त्या दिवसानंतर तिनं तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य घासूनपुसून घ्यायचं ठरवलं, आणि ते घासून होईपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. असं करता करता दुसरं वर्ष लागलं आणि वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीपुरता उरला.

राहायला ती बोईसरला होती, चुलतबहीण तेजलच्या खोलीवर. तेजल तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला. तिची पाळी सारखी बदलती, त्यामुळे ही आली की ती निघालेली आणि ती आली की ही निघालेली. दोघींची गाठ पडायची ती उशीवरच्या खळग्यापुरती. चाळीत बाकी सगळे बिहार-ओडिशाकडचे कामगार. भली माणसं. "दीदी, पानी आ गया" असं दार वाजवून सांगायची, आणि दिवसाकाठी सपनाशी कुणी तोंडानं बोललंच तर तेवढंच.

मग राहिला मोबाइल. आता मोबाइलला शिव्या घालणारे म्हातारे आमच्याकडे ढिगानं आहेत आणि तेही शिव्या घालतात त्या मोबाइलवरच, तेव्हा ते जाऊ द्या. सपनाची गोष्ट साधी होती. मोबाइल हसत नव्हता. त्याच्यापुढे हाय म्हणा नाहीतर आहे म्हणा, त्याला फरक पडत नव्हता. सकाळी डोळा उघडला की हात उशीखाली. बोईसरहून पालघरला गाडीनं जायचं, मधे एकटं उमरोळी स्टेशन, तेवढ्यातही मान खाली. आणि जेवताना तर तो हवाच. तिखटाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभा करायचा, काहीतरी लावायचं आणि मगच ताटात हात घालायचा. भाजीत मीठ विसरलं तर चालायचं, पण चार्जिंग संपलं असेल तर तिची भूक मरायची. तेजल एकदा म्हणालीसुद्धा, "अगं, त्याला पण एक घास भरव." सपना हसली, पण नजर काढली नाही.

गंमत म्हणजे त्या मोबाइलमधे तिचा पाडाही होता. म्हणजे तिचा नाही, कुणाचा तरी. तारपा वाजतोय, बाया नाचताहेत, खाली लिहिलेलं, आपली संस्कृती आपला अभिमान. कणसरीचं गाणं कुणी टाकलं की ही लगेच बदाम देणार. कणसरी म्हणजे धान्याची देवी, आमच्याकडची लक्ष्मीच म्हणा. असे किती बदाम तिनं वाटले असतील त्याला गणती नाही. आणि तिकडे घरची कणसरी त्याच दिवसांत तिच्यावाचून खोळंबून बसलेली.

ते कसं, ते सांगतो. वारल्यांच्या घरात नवा भात झोडून आला तरी लगेच शिजवत नाहीत. आधी कणसरीला दाखवायचा, मग तोंडात. त्यात दुमाड्यांच्या घरची आणखी एक रीत, की घरचं एक जरी माणूस बाहेर असलं तरी नवं करायचं नाही. सगळ्यांनी मिळून पहिला घास घ्यायचा. सपनाचा थोरला भाऊ कमलेश एका वर्षी कामाला लांब गेला होता, तेव्हा त्याच्यासाठीही अख्खं घर थांबलं होतं. आता तो बायकोमुलांसकट जवळच वेगळा राहत होता, त्याची चूल वेगळी, त्याचं नवं वेगळं. जिवल्याच्या चुलीवरचं बाहेरचं माणूस उरलं होतं ते सपना.

वडपाड्यात रेंज येते ती टेकडीवर एका महूच्या झाडाखालीच. जिवल्या दर रविवारी सांजेला बटणांचा फोन घेऊन तिथं चढायचा. दसऱ्याच्या आधीची गोष्ट, लवकर पिकणाऱ्या भाताची वेळ. त्यानं सांगितलं, "हळवं भात झोडून झालं बाय. कदी येतेस? नवं करायचंय."

"येते बा. पुढच्या रविवारी," सपना म्हणाली. तेव्हा तिच्या मनातही तसंच होतं.

रविवारी सकाळी पिशवी भरून तयार होती. बसला अजून अवकाश होता म्हणून ती खाटेवर टेकली, एक काहीतरी बघू म्हणून मोबाइल उघडला. एकाचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं. मान वर केली तेव्हा मनोरची बस गेली होती आणि दारातलं ऊन उंबऱ्यावरून आत आलं होतं. सांजेला बापाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "कॉलेजचं काम आलं बा, एकदम." खोटं बोलताना तिला वाटलं होतं तो रागावेल, निदान विचारेल तरी कसलं काम. तो एवढंच म्हणाला, "बरं. आमी थांबतो."

पुढच्या रविवारी पिशवीसुद्धा भरली नाही.

आळस म्हणावा तर तसा आळस नव्हता. मे महिन्यात ती चार दिवस घरी गेली होती तेव्हाचं तिला आठवत होतं. रेंज नाही, तर हात सारखा कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा. आई विचारायची, कॉलेजात काय शिकवतात, मैत्रिणी कोण. काय सांगणार? सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. पूर्वी हीच पोर अंगणात बसून ओढ्यावरच्या खेकड्याचीसुद्धा गोष्ट तासभर लांबवायची. ती घरी गेली की तिला कळायचं, आपल्याला एकटं वाटतंय. बोईसरला ते कळत नव्हतं, कारण कळायच्या आत ती पुढचं काहीतरी लावायची. म्हणून ती घर टाळत होती. हे तिनं स्वतःशीसुद्धा कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारचं आमंत्रण आलं ते माहीमहून. म्हणजे आपल्या केळव्याजवळच्या माहीमहून, मुंबईचं ते दुसरं. तिच्या वर्गातली मेघाली तिथली, वाडीवाल्यांच्या घरची. वर्षभर शेजारी बसून सपनाचं मौन बघितलेली ती एकटीच. ती म्हणाली, "रविवारी घरी जेवायला ये. आई म्हणते, तुझी ती न बोलणारी मैत्रीण एकदा दाखव तरी." नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, कारण सांगायचं तर बोलावं लागणार. सपना हो म्हणाली. आणि आदल्या दिवशी मनोरला आलेल्या कमलेशला फोन करून बापाला निरोप दिला की याही रविवारी जमत नाही.

मेघालीच्या आईनं, विजयाकाकूंनी, चांगलं आगतस्वागत केलं. नारळीच्या सावलीतलं स्वयंपाकघर, खाली पाट मांडलेले, ताटात बोंबलाचं कालवण, भाकरी, वाफाळता भात. पोरींचे मोबाइल ताटांच्या कडेला. मेघालीचाही होता, उगाच एकटीला कशाला नावं ठेवा. दोघींनी एकमेकींना काहीबाही दाखवलं, मग आपापलं बघत बसल्या. डावा हात काचेवर, उजवा ताटात. काकूंनी दुसऱ्यांदा भात वाढला, तोही गेला.

"कसा लागला गो भात?" काकूंनी विचारलं.

"छान आहे," सपना म्हणाली. हे तिचं घासूनपुसून ठेवलेलं वाक्य होतं, कुठेही चालायचं.

"नवा आहे. परवाच आमचं नवं झालं आणि कालच गिरणीतून भरडून आणला. नवा म्हणजे जरा गचका होतो, पण गोडी बघ त्याची."

सपनाचा घास हातात राहिला. तिनं ताटाकडे बघितलं. मऊ, चकचकीत, एकमेकांना धरून बसलेली शितं. नवा भात असा दिसतो हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. तिनं बोटं नाकाशी नेली. वास होता. मघापासून होता, सगळ्या स्वयंपाकघरात भरून राहिला होता. पाणी प्यायच्या निमित्तानं ती उठली आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

घरी कणसरीला दाखवायच्या आधी बाहेर नवं खाल्लं की कणगीतली बरकत उठून जाते, असं पाड्यातली माणसं सांगतात. कुण्या एकानं शेतातच नव्या दाण्याच्या लाह्या करून खाल्ल्या आणि त्या साली त्याची कणगी उंदरांनी साफ केली, ही गोष्ट तिनं लहानपणी ऐकली होती. सपना सायन्सची विद्यार्थिनी. उंदीर का होतात ते तिला पुस्तकातून माहीत होतं. पण तिला उंदरांचं भय वाटत नव्हतंच. अख्खं घर तिच्यासाठी जुनं खाऊन थांबलं होतं, तिनं इथं येऊन दोन वेळा वाढून घेऊन नवं खाल्लं, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. तिच्या नाकाला, जिवल्याच्या पोरीच्या नाकाला. या गोष्टीनं तिला रडू फुटलं. मेघालीनं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. जाताना पिशवीत नारळ घातले.

खोलीवर आली तर तेजल पाळीला निघायच्या तयारीत. सपनानं एका दमात सगळं सांगून टाकलं. बऱ्याच महिन्यांनी ती एवढं बोलली होती, म्हणून तेजल एका पायात चप्पल घालून तशीच ऐकत राहिली.

"मग? कुणाला कळणार हाय?" तेजल म्हणाली. "आमी कँटीनमधे जेवतो, तो भात नवा का जुना कोण विचारतं? अळीमिळी गुपचिळी. घरी जा, नवं कर, जेव, ये. बाला उगीच कशाला त्रास देतेस?"

ती गेली आणि सपनानं सवयीनं मोबाइल काढला. घरचं नवं व्हायच्या आधी बाहेर नवा भात खाल्ला तर काय करावं, असं लिहिलं. मोबाइलनं तिला नवा तांदूळ मोकळा कसा शिजवावा, त्यात तेलाचे किती थेंब घालावे हे सांगितलं. मग तिनं त्या संस्कृतीवाल्या ग्रुपवर विचारायचं ठरवलं. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. तिथं हजारो लोक होते आणि त्यातल्या एकाचीही चूल तिला माहीत नव्हती. विचारावं असं माणूस एकच, आणि ते महूखाली उभं राहून रेंज शोधणारं.

सोमवारी कॉलेज बुडवून ती मनोरच्या बसमधे बसली.

डांबर संपलं तिथं मोबाइलची रेंजही संपली. पायवाटेनं येताना तिच्या मनात तेजलचं म्हणणं घोळत होतं. गप्प राहणं सोपं होतं, आणि गप्प राहायचा तर तिला चांगला सराव झाला होता. अंगणात जिवल्या दोर वळत बसला होता. पारू चुलीशी नागलीची भाकरी थापत होती. आत कणगी होती, शेणानं लिंपलेली, तोंड बंद, कुणी बोटही न लावलेली. पाड्यातल्या बाकी घरांतलं नवं होऊन जुनं झालं होतं.

"आली गं," जिवल्या म्हणाला. उशिरा का, हे त्यानं विचारलं नाही. पारूनं भाकरी तव्यावर तशीच टाकून कणगीचं तोंड उघडलं, सुपात भात काढला आणि उखळाशी बसली. कणसरीसाठीचा तांदूळ गिरणीचा चालत नाही, हातानं कांडायचा. मुसळाचा धपधप आवाज सुरू झाला. सपनाला वाटलं, एकदा हा तांदूळ चुलीवर चढला की मग सांगायला जागा उरणार नाही.

"आय, थांब," ती म्हणाली. "म्या नवं खाल्लंय."

पारूचं मुसळ वरच्या वर राहिलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. जिवल्याचे हात दोरावर थांबले.

"कुठं?"

"माहीमला. मैत्रिणीच्या घरी. कालच्या रविवारी. काम नव्हतं बा मला, त्या आधीच्या दोन रविवारी पण नव्हतं. म्या खोटं बोलले." एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच बाहेर पडलं.

जिवल्यानं दोर मांडीवर ठेवला. मग त्यानं विचारलं, "चव कशी होती?"

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"भाताची चव. गोड होता? वास कसा होता? पांढरा होता का लालसर?"

सपनानं आठवून बघितलं. काकूंचं स्वयंपाकघर आठवलं, पाट आठवला. त्या वेळी मोबाइलवर काय चाललं होतं तेसुद्धा आठवलं. भात आठवेना. "नाय सांगता येत," ती म्हणाली. "मोबाइल बघत होते."

"मग तू नवं खाल्लं नायस," जिवल्या म्हणाला आणि पुन्हा दोर वळायला लागला. "पोटात गेलं, एवढंच. बाजारात गाय पेपर खाते, ती बातम्या वाचते काय? कांड गं पारू."

"आणि कणसरी?" पारूनं विचारलं. तिचा जीव अजून टांगणीला होता.

"तिला म्या सांगतो. ती आय हाय, पोलीस नाय."

मुसळ पुन्हा चालू झालं. सपनाची सुटका झाली होती, पण तिला मान वर करवेना. बापानं माफ केलं होतं आणि त्याच वाक्यात तिचं सगळं वर्ष तिच्यापुढे ठेवलं होतं. बोईसरच्या खोलीत तिखटाच्या डब्यापुढे बसून ती रोज पोट भरत होती, जेवत नव्हती. ती पदराआड रडायला गेली असती, पण तिच्या अंगावर पंजाबी ड्रेस होता आणि आईनं हातात सूप दिलं. "रडतेस काय, पाखड." मग ती पाखडत रडली.

भात शिजला. जिवल्यानं पळसाच्या पानावर तो कणगीपुढे ठेवला, हात जोडले आणि पुटपुटत कणसरीला सगळं सांगितलं, पोर बाहेर होती, आता आली, तिच्या हातून काय झालं ते, काहीही लपवलं नाही. मग तिघं जेवायला बसली. मोबाइल पिशवीत होता आणि पिशवी खुंटीला.

घास उचलणार तेवढ्यात जिवल्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि पोरीचे डोळे बांधले. पारू म्हणाली, "आता काय ल्हान हाय ती?" पण तिनंही आपला घास खाली ठेवला. भाताची मूठ सपनाच्या नाकाखाली आली.

"सांग बाय, कोणता?"

पहिल्यांदा तिला काहीच कळलं नाही, नुसती वाफ लागली. गेलं वाटतं आपलं नाक. तिनं पुन्हा हुंगलं, सावकाश. कुणीही घाई केली नाही, कुणी खातही नव्हतं. कुडई असणार, घरी कायम कुडईच लावतात, हे तिला माहीत होतं आणि तेच सांगून मोकळं व्हावं असं तिला वाटलं. पण तो वास कुडईचा नव्हता.

"कसबाई," ती म्हणाली. मग गोंधळून, "पण आपण तर कुडई लावतो."

जिवल्या मोठ्यानं हसला. "कसबाईच. कुडई किडली, म्हणून यंदा बी बदललं."

सपनानं डोळ्यांवरचं फडकं वर सारलं. "कदी बदललं? मला सांगितलं नायस."

जिवल्याचं हसू थोडं ओसरलं. तो रागानं बोलला नाही. "सांगितलं होतं की. पेरलं तवा, फोनवर. कुठून आणलं, कसं आणलं, सगळं सांगितलं. तू हं हं म्हणत होतीस."

सपनाला तो फोन आठवेना. तो महूखाली उभा राहून सांगत असणार, आणि हिचा अंगठा काचेवर फिरत असणार.

तिनं घास तोंडात घातला. गोड होता, थोडा चिकट, आणि गिळावासा वाटेना इतका चांगला.

"परत सांग ना बा," ती म्हणाली.

जिवल्यानं बोटं चाटली, मांडी नीट घातली आणि बी आणायला निघाला त्या सकाळपासून सुरुवात केली.